हुबेहूब, पण उडणारं

२५ एप्रिल २००९ रोजी अमेरिकेच्या मेरिलँड राज्यात, प्राइस नावाच्या गावाजवळच्या एका शेतात सॅटर्न-५ उभं होतं. उंची ३६ फूट, वजन १,६४८ पौंड, म्हणजे साडेसातशे किलोच्या आसपास. चंद्रावर माणूस नेणाऱ्या मूळ रॉकेटचा हा एक दशांश अवतार. तो बांधला होता ओहायोच्या स्टीव्ह ईव्ह्ज यांनी, आणि त्यांचा व्यवसाय होता गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचा. पोटात नऊ घन इंधनाच्या मोटर होत्या: मधोमध ७७,००० न्यूटन-सेकंदांची एक आणि भोवती प्रत्येकी १३,००० न्यूटन-सेकंदांच्या आठ. रॉकेट ४,४४१ फूट वर गेलं, पॅराशूट उघडली आणि ते सुखरूप खाली आलं. हौशी माणसाने उडवून परत आणलेलं तोपर्यंतचं सर्वात मोठं रॉकेट म्हणून त्याची नोंद झाली.

अशा मोठ्या, जोरकस मोटरींवर उडणाऱ्या रॉकेटांना अमेरिकेत ‘हाय-पॉवर’ म्हणतात. त्यातही खऱ्या रॉकेटची मोजून-मापून केलेली प्रतिकृती उडवणारा पंथ वेगळा. उंचीच्या मागे लागलेले हौशी लोक आहेतच. त्यांच्यातल्या एका गटाने २००४ साली नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटातून रॉकेट थेट अवकाशाच्या हद्दीपार नेलं. प्रतिकृतीवाल्यांना उंचीचं एवढं अप्रूप नसतं. कुठल्या क्रमांकाचं रॉकेट, कुठल्या दिवशी कुठल्या तळावरून उडालं, तेव्हा पंखांवर काळा पट्टा कुठून कुठवर होता, हे त्यांचे प्रश्न. आणि हे सगळं जसंच्या तसं करूनही ते रॉकेट उडायला हवं. या शेवटच्या अटीपाशी सगळी गंमत आणि सगळी अडचण आहे. आकार लहान करता येतो, पण हवा, गुरुत्वाकर्षण आणि लाकडाची ताकद त्या प्रमाणात लहान होत नाहीत. म्हणून चांगली प्रतिकृती काही ठिकाणी जाणूनबुजून खोटी असते, आणि कुठे खोटं वागायचं याचा निर्णय हीच या छंदातली खरी कारागिरी, असं माझं मत आहे.

छंदाची सुरुवात मात्र मोठ्या रॉकेटांपासून झाली नाही. नेब्रास्काच्या नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल यांचं चपला-बुटांचं दुकान होतं आणि त्यांना शोभेच्या दारूची हौस होती. त्यांचा भाऊ रॉबर्ट विमानांच्या प्रतिकृती बनवायचा. दोघांनी १९५४ च्या सुमारास कागदी नळीचं, बदलता येणाऱ्या मोटरीचं, पॅराशूटने परत येणारं छोटं रॉकेट तयार केलं. १९५७ मध्ये जी. हॅरी स्टाइन या व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावरच्या अभियंत्याचा एक लेख कार्लाइल यांच्या वाचनात आला. घरच्या घरी पाइपात दारू ठासून रॉकेट उडवणारी पोरं हात-डोळे गमावत होती, आणि रॉकेटच्या कामात सुरक्षितता कशी सांभाळली जाते हे त्या लेखात होतं. कार्लाइल यांनी आपले नमुने स्टाइनना पाठवले. त्याच वर्षी ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ची पायाभरणी झाली. पुढे व्हर्न एस्टेस यांनी कागदी नळीत काळी दारू ठासणारं यंत्र बनवलं, त्याचं नाव ठेवलं ‘मेबल’. काही सेकंदांना एक तयार मोटर बाहेर पडू लागली आणि हा उद्योग कोलोरॅडोत रुजला. मुलांनी रॉकेट बनवावं, मोटर मात्र कारखान्यातून यावी, ही वाटणी तेव्हा ठरली. आजही या छंदाचा बहुतेक भाग त्याच वाटणीवर उभा आहे.

काळ्या दारूची ताकद मर्यादित. सत्तर-ऐंशीच्या दशकांत काही जणांनी अमोनियम पर्क्लोरेट आणि रबरासारखा बांधक यांच्या मिश्रणाच्या मोटरी वापरायला सुरुवात केली. स्पेस शटलच्या दोन्ही बाजूंच्या बूस्टरांतही हीच रसायनं होती. १९८२ साली ओहायोतल्या मेडिना इथे अशा रॉकेटांचा मेळावा भरला. त्याचं नावच होतं ‘लार्ज अँड डेंजरस रॉकेट शिप्स’. नाव थट्टेचं होतं, पण जुन्या, सुरक्षिततेबद्दल कडक असलेल्या मंडळींना ते फारसं रुचण्याजोगं नव्हतं. पेनसिल्व्हेनियातला ‘ट्रायपोली’ हा विज्ञान क्लब ऐंशीच्या दशकात या नव्या पंथाची राष्ट्रीय संघटना झाला. पुढे जुन्या संघटनेनेही मोठ्या मोटरींना जागा दिली.

मोटरींची वर्गवारी इंग्रजी अक्षरांनी होते, आणि प्रत्येक अक्षराला ताकदीची, म्हणजे जोर गुणिले वेळ याची, मर्यादा दुप्पट. ए मोटर अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी पाचपर्यंत, सी दहापर्यंत. एच पासून, म्हणजे १६० न्यूटन-सेकंदांच्या वर, हाय-पॉवरचा परवाना लागतो. एम म्हणजे ५,१२० ते १०,२४०. ईव्ह्ज यांच्या मधल्या मोटरीचं अक्षर होतं पी. दुपटीचं हे गणित कागदावर साधं दिसतं, पण ए पासून पी पर्यंत पंधरा वेळा दुप्पट झालेलं असतं. अक्षरापुढचा आकडा सरासरी जोर दाखवतो: ‘जे३५०’ म्हणजे जे वर्गाची, सरासरी ३५० न्यूटन जोराची मोटर. हौशी माणूस ती एकदम विकत घेत नाही. वय अठरा पूर्ण हवं. आधी एच किंवा आय मोटरीवर स्वतः बांधलेलं रॉकेट उडवून, पुन्हा उडवता येईल अशा स्थितीत परत आणून दाखवायचं, ही पहिली पायरी. जे, के, एलसाठी दुसरं उड्डाण आणि लेखी परीक्षा. एम, एन, ओसाठी तिसरी पायरी. तिथे जाणकारांपुढे आराखडा ठेवावा लागतो आणि बांधणी चालू असतानाच तिची तपासणी होते.

सरकारशी या लोकांचं वाजलं ते इंधनावरून. दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याने पर्क्लोरेटचं हे इंधन स्फोटकांच्या यादीत ठेवलं होतं. मोटरीत ६२.५ ग्रॅमपेक्षा जास्त इंधन असेल तर परवाना, साठवणीचं वेगळं कोठार आणि तपासणी लागे. २००० साली दोन्ही संघटना न्यायालयात गेल्या. त्यांचा मुद्दा सोपा होता: हे इंधन जळतं, त्याचा स्फोट होत नाही. जळण्याचा वेग सेकंदाला काही मिलिमीटरांपासून फार तर एखाद-दोन सेंटिमीटर, तर स्फोटक पदार्थांत तोच वेग शेकडो-हजारो मीटरांत मोजतात. २००६ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की खात्याने आपल्या निर्णयाला पटेल असा, मोजता येईल असा निकष दिलेला नाही. १६ मार्च २००९ रोजी न्यायाधीश रेगी वॉल्टन यांनी हे इंधन यादीतून काढायला लावणारा निकाल दिला. ईव्ह्ज यांचं सॅटर्न उडालं ते त्यानंतर चाळीस दिवसांनी. तारखांचा हा मेळ योगायोगाचा असेल, पण नऊ वर्षं कागदपत्रं घेऊन न्यायालयाच्या पायऱ्या चढणारे हौशी लोक पाठीशी होते म्हणून हा छंद टिकला, एवढं खरं. विमान वाहतुकीचं खातं वेगळं. त्याच्या नियमात ४०,९६० न्यूटन-सेकंदांपर्यंतची रॉकेटं एका वर्गात येतात, त्यावरची दुसऱ्या. ईव्ह्ज यांच्या नऊ मोटरींची बेरीज १,८१,००० न्यूटन-सेकंद होती, म्हणजे परवानगी या वरच्या वर्गाची घ्यावी लागणार, हे ओघानेच आलं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लहान केल्यावर नेमकं काय बिघडतं?

वजनापासून सुरुवात करू. प्रत्येक माप दहाव्या भागावर आणलं की घनफळ हजाराव्या भागावर येतं. मूळ सॅटर्न-५ उड्डाणाच्या क्षणी जवळपास तीन हजार टनांचं होतं. त्याचा हजारावा भाग म्हणजे तीन टन. ईव्ह्ज यांचं रॉकेट त्याच्या चौथ्या हिश्शाचं होतं. कारण उघड आहे: मूळ रॉकेटचं नव्वद टक्क्यांहून अधिक वजन इंधनाचं. प्रतिकृतीत इंधनाला फार थोडी जागा असते, बाकी सगळं कवच आणि हवा. बाहेरून तेच दिसणारं हे रॉकेट आतून निराळ्याच जातीचं असतं.

दुसरी गोष्ट उठण्याच्या वेगाची. सॅटर्न-५ जमिनीवरून किती सावकाश निघायचं हे जुन्या चित्रफितींत सगळ्यांनी पाहिलं आहे. त्याच्या इंजिनांचा जोर वजनाच्या जेमतेम सव्वापट होता. आपल्या तळाशी असलेली इंजिनं हलवून ते स्वतःला सरळ ठेवू शकायचं, म्हणून ही संथ चाल त्याला परवडायची. हौशी रॉकेटला असं सुकाणू सहसा नसतं. त्याला सरळ ठेवतात ते पंख, आणि पंखांना काम करायला वेग लागतो. ढोबळ मानाने सेकंदाला पंधरा मीटर वेग येईपर्यंत रॉकेट उभ्या रुळाच्या आधाराने चढलं पाहिजे. गणित करून पाहा. जोर वजनाच्या १.२ पट असेल तर त्वरण सेकंदाला जेमतेम दोन मीटर प्रतिसेकंद मिळेल, आणि पंधराचा वेग गाठायला छप्पन मीटर उंचीचा रूळ लागेल. तोच जोर पाचपट असला की तीन मीटरांचा रूळ पुरतो. म्हणून संघटनेच्या नियमात जोर वजनाच्या किमान तिप्पट, आणि मैदानावरच्या जाणत्यांच्या तोंडी पाचपट. प्रतिकृती उभी असताना कितीही खरी दिसो, निघताना ती मूळ रॉकेटची चाल चालू शकत नाही. जो बर्नार्ड यांच्यासारख्या काहींनी हलत्या मोटरीचं सुकाणू छोट्या रॉकेटांत बसवून ही संथ चाल साधली आहे. २०२२ मध्ये तर त्यांनी एक रॉकेट पॅराशूटशिवाय, मोटरीच्या जोरावर पायांवर उभं उतरवलं. पण तो इलेक्ट्रॉनिक्सचा निराळा रस्ता आहे आणि बहुतेक प्रतिकृतीवाले पंखांवरच विसंबतात.

तिसरी अडचण स्थैर्याची. रॉकेटचं वजन जिथे तोललं जातं तो गुरुत्वमध्य, आणि हवेचा बाजूचा दाब जिथे एकवटतो ते दाबकेंद्र. गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या पुढे, नाकाच्या बाजूला, निदान रॉकेटच्या एका व्यासाइतका हवा. नाहीतर रॉकेट रुळावरून सुटताच कोलांट्या खातं. जुन्या काळी पुठ्ठ्यावर रॉकेटची आकृती काढायची, कापायची आणि पट्टीच्या धारेवर तोलून दाबकेंद्राचा अंदाज बांधायचा. १९६६ मध्ये नासाचे अभियंते जेम्स बॅरोमन यांनी त्याची सोपी सूत्रं हौशी लोकांपुढे मांडली, आणि नाक, निमुळता भाग, पंख यांचा वाटा कागद-पेन्सिलीने काढता येऊ लागला. फिनलंडच्या साम्पो निस्कानेन यांनी पदव्युत्तर प्रबंधासाठी लिहिलेलं ‘ओपनरॉकेट’ हे संगणकीय साधन आता कुणालाही फुकट मिळतं.

अडचण अशी की खऱ्या रॉकेटांना पंखांची फारशी गरज नसते, म्हणून कित्येकांना ते नसतातच, किंवा सॅटर्नसारखे नावापुरते असतात. प्रतिकृतीवाल्यापुढे मग दोनच मार्ग उरतात: नाकात वजन भरायचं, किंवा पारदर्शक प्लास्टिकचे जादा पंख लावायचे. दुसरा उपाय लांबून दिसत नाही, पण जवळून पाहणाऱ्याला खुपतो. मला स्वतःला नाकात वजन भरणारे लोक जास्त आवडतात. त्यांची लबाडी पोटात राहते.

म्हणून पहिल्या प्रयत्नाला लोक जन्मजात मोठे पंख असलेली रॉकेटं निवडतात: नायकी-स्मोक, ऑनेस्ट जॉन, लिटल जो-२, आणि जर्मनांचं व्ही-२. या शेवटच्याचं उदाहरण घेऊन बांधणी पाहू, कारण त्यात सगळे पेच एकत्र येतात.

व्ही-२ ची लांबी १४ मीटर, सर्वात रुंद जागी व्यास १.६५ मीटर. प्रमाण ठरवताना नवखा माणूस आधी एक दशांशासारखा सुबक आकडा धरतो आणि मग त्या व्यासाची नळी शोधत बसतो. जाणता माणूस आधी नळी बघतो. बाजारात सहा इंची, म्हणजे साधारण पंधरा सेंटिमीटर व्यासाची नळी मिळते. १६५ भागिले १५, म्हणजे अकरा. प्रमाण १:११, लांबी सव्वा मीटरच्या थोडी वर, पंखांचा विस्तार बत्तीस सेंटिमीटर. उभं केलं की टेबलाहून उंच, पण एका माणसाला सहज उचलता येईल असं.

नंतर येतो कागदांचा शोध. पीटर ऑल्वे यांच्या ‘रॉकेट्स ऑफ द वर्ल्ड’ या १९९३ च्या पुस्तकात जगभरच्या रॉकेटांची मापं आणि रंगांच्या तपशिलासह आकृत्या आहेत. बहुतेकांची सुरुवात तिथून होते. पण व्ही-२ एकच नव्हतं. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पीनम्युंडेहून जे पहिल्यांदा पूर्ण यशस्वी उडालं ते काळ्या-पांढऱ्या चौकटींचं. उडताना रॉकेट स्वतःभोवती किती फिरतं हे जमिनीवरून दिसावं म्हणून त्या चौकटी होत्या. युद्धात लंडन-अँटवर्पवर सोडलेली रॉकेटं वेगळ्या रंगांची. १९४६ पासून अमेरिकनांनी व्हाइट सँड्सला उडवलेली आणखी वेगळी. इथे माझी एक कुरकूर नोंदवतो. ही रॉकेटं मिटेलवेर्कच्या बोगद्यांत छळछावणीतल्या कैद्यांकडून बांधून घेतली गेली आणि त्या डोरा छावणीत हजारो माणसं मेली. व्ही-२ च्या माऱ्यात जेवढे मेले त्याहून ते बांधताना जास्त मेले. प्रतिकृतीचा तपशील रिव्हेटपर्यंत नेणारी मंडळी सोबतच्या माहितीपत्रकात ही ओळ क्वचितच लिहितात.

व्ही-२ ची नळी सरळ नाही. नाकापासून फुगत जाते आणि शेपटाकडे पुन्हा निमुळती होते. तयार किट घेतलं तर हे भाग ओतीव मिळतात. शून्यापासून करायचं तर नाकासाठी फोमचे ठोकळे एकमेकांना चिकटवून लेथवर किंवा ड्रिल यंत्रावर फिरवत, पुठ्ठ्याचा साचा लावून लावून घासायचे आणि वरून फायबरग्लासचं कापड इपॉक्सीत भिजवून चढवायचं. शेपटाच्या भागाला प्लायवूडच्या गोल चकत्या ठरावीक अंतरावर बसवून त्यांवर पातळ फळी किंवा फोम मढवतात. चकत्यांच्या मधल्या भोकातून मोटरीची नळी जाते. पंख नुसते बाहेरून चिकटवत नाहीत. भिंतीत फट कापून ते थेट आतल्या मोटरनळीपर्यंत नेतात, तिथे इपॉक्सीने जोडतात, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी कोपऱ्यात इपॉक्सीची गोलसर भर घालतात. उतरताना पहिला दणका बसतो तो पंखांच्या टोकांना, कारण व्ही-२ चे पंख शेपटाच्याही खाली येतात. हलक्या हाताने केलेला जोड तिथेच उघडा पडतो.

त्यानंतरचं काम ईव्ह्ज यांच्या व्यवसायातलं. लांबी भरायची, घासायची, प्रायमर मारायचा, पुन्हा घासायचं. नळीच्या कागदी कवचावरची गुंडाळीची चर प्रायमर मारल्यावरच दिसते, आणि चकचकीत रंग मारला तर आणखीनच उठून दिसते. युद्धसामग्रीचा मूळ रंग बहुधा मंदच असतो, तो मारणाराही सुटतो. जोडांच्या रेषा, झाकणं, रिव्हेट हे सगळं प्रमाणात आणायचं तर एक मिलिमीटरचा रिव्हेट अकराव्या भागात दिसेनासा होतो. मग तो किंचित मोठा करावा लागतो, म्हणजे डोळ्याला खरा वाटतो. इंजिनांच्या खोट्या नोझलांचं निराळं. स्पर्धेत परीक्षकांसमोर ती लावायची आणि उड्डाणाआधी काढून ठेवायची.

रॉकेट तयार झालं की बोटावर नाही तर दोरीच्या फासात लटकवून गुरुत्वमध्य काढायचा. व्ही-२ आखूड आणि जाड, मोटर मागे, भारी पंखही मागे. नाकात शिशाचे किंवा पोलादाचे छर्रे इपॉक्सीत बसवल्याशिवाय तोल पुढे येत नाही. समजा, सगळं मिळून सहा किलो झालं. पाचपट जोर म्हणजे तीनशे न्यूटनच्या आसपास, म्हणजे जे३५० सारखी मोटर चालेल. ते काही शे मीटर जाईल. तेवढं पुरे. उंच गेलेली प्रतिकृती ठिपका होते, आणि तिचे रिव्हेट तिथे कोण पाहणार?

परत आणण्याचं काम मोटर पेटवण्याहून कठीण आहे, असं या छंदातले बहुतेक लोक सांगतील. शिखरावरच मोठी पॅराशूट उघडली तर वाऱ्याने रॉकेट दोन-तीन किलोमीटर दूर जातं. म्हणून रॉकेटच्या मध्यभागी बाकीच्या नळीपासून बंद केलेल्या कप्प्यात हवेचा दाब मोजणारं छोटं यंत्र बसवतात. कप्प्याच्या भिंतीला बारीक भोकं असतात, त्यांतून बाहेरचा दाब आत कळतो. शिखरावर दाब कमी होणं थांबलं की यंत्र बंदुकीच्या दारूची इवलीशी पुडी पेटवतं, नळीत दाब वाढतो आणि रॉकेट दोन भागांत सुटून छोट्या पॅराशूटवर वेगाने खाली येऊ लागतं. दोनशे-अडीचशे मीटर उरले की दुसरी पुडी मोठी पॅराशूट काढते. मधल्या काळात नाक आपोआप सुटू नये म्हणून नायलॉनचे बारीक स्क्रू लावलेले असतात. ते तुटण्याइतका दाब पुडीने दिला पाहिजे आणि नळी फुटण्याइतका देता कामा नये. याचं गणित असतंच, पण शहाणा माणूस आधी जमिनीवर रॉकेट आडवं ठेवून एक पुडी पेटवून पाहतो. तिसऱ्या पायरीच्या रॉकेटात हे सगळं दोनदा असतं: दोन यंत्रं, दोन बॅटऱ्या, दोन वायरिंग, आणि दुसरी पुडी क्षणभर उशिरा.

मैदानाचा दिवस बाहेरून जत्रेसारखा दिसतो, पण आत शिस्त कडक असते. कॅन्ससच्या अर्गोनिया गावाजवळची कुरणं, कॅलिफोर्नियातलं ल्यूसर्नचं कोरडं सरोवर, ब्लॅक रॉकचं सपाट वाळवंट अशा जागा यासाठी ठरलेल्या आहेत, आणि आकाश रिकामं ठेवण्याची परवानगी आधी घेतलेली असते. आधी टेबलापाशी सुरक्षा अधिकारी रॉकेट हातात घेतो. पंख धरून हलवून पाहतो, गुरुत्वमध्य आणि दाबकेंद्राच्या खुणा विचारतो, मोटर मागून निसटणार नाही ना हे बोटाने दाबून बघतो. त्याचं ‘नाही’ म्हणजे नाही. मोटरीत मधोमध आरपार भोक असलेली इंधनाची नळकांडी एकावर एक बसवलेली असतात. पेटवणारी तार त्या भोकातून थेट वरच्या टोकापर्यंत सरकवतात, आणि तीही रॉकेट रुळावर उभं राहिल्यावरच. जे मोटरीला शंभर फूट लांब उभं राहायचं, एम असेल तर पाचशे, ओ असेल तर पंधराशे. वारा ताशी वीस मैलांच्या वर गेला की उड्डाण बंद.

वाऱ्याचा आणखी एक खोडसाळपणा आहे. ज्या रॉकेटला आपण जास्तच स्थिर करून ठेवलं, ते वाऱ्याकडे तोंड वळवतं आणि सरळ वर जायच्या ऐवजी वाऱ्याच्या दिशेने तिरकं निघतं. नाकात दोन मुठी छर्रे जास्त टाकणाऱ्याला याचा अनुभव येतो. अनेक मोटरींचा जुडगा असेल तर सगळ्या एकाच वेळी पेटणं हा निराळा घोर. एका बाजूची मोटर राहिली की जोर तिरका होतो. ईव्ह्ज यांच्या नऊ मोटरींच्या उड्डाणात मला सर्वात धाडसाचा भाग वाटतो तो हाच.

पूर्व युरोपात हा प्रकार वेगळ्या वळणाने वाढला. हवाई खेळांच्या जागतिक संघटनेने १९७२ मध्ये तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या व्रशात्स इथे अवकाश-प्रतिकृतींची पहिली जागतिक स्पर्धा भरवली. तिथल्या प्रतिकृती हलक्या, छोट्या मोटरींच्या, पण कारागिरीत दागिन्यांच्या तोडीच्या. आधी टेबलावर भिंगातून गुण, नंतर उड्डाणाचे गुण. अमेरिकन हाय-पॉवरवाल्यांत हे बारीक काम कमी आणि आवाज, धूर, उंची जास्त. दोन्ही गोष्टी एका माणसात क्वचित भेटतात. ईव्ह्ज यांच्यासारखा रंगकाम जाणणारा कारागीर म्हणूनच वेगळा ठरतो.

आपल्याकडे यातलं काय शक्य आहे? एच किंवा जे वर्गाची मोटर दुकानातून छंद म्हणून विकत घेण्याची सोय भारतात नाही. स्फोटकांचे परवाने देणारी केंद्राची संस्था ‘पेसो’, तिचं मुख्यालय नागपूरला, आणि तिच्या नियमांत शेतात रॉकेट उडवणाऱ्या हौशी माणसासाठी अमेरिकेसारख्या तीन पायऱ्या आखलेल्या नाहीत. घरी इंधन बनवण्याचा विचार तर मनातही आणू नये. स्टाइन यांनी ज्या जखमी पोरांसाठी लेखणी उचलली, ती याच वाटेने गेली होती. अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं संघ बांधून अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरतात, आणि इन-स्पेस या केंद्राच्या संस्थेने विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट्रीची राष्ट्रीय स्पर्धाही सुरू केली आहे. पण या स्पर्धा उंची आणि पेलोडच्या आहेत, प्रतिकृतीच्या नाहीत.

विषय मात्र आपल्याकडे भरपूर आहेत. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून उडालेलं पहिलं रॉकेट अमेरिकन नायकी-अपाचे होतं, त्याच नायकी घराण्यातलं, ज्याच्या प्रतिकृती अमेरिकन मैदानांवर दर वर्षी उडतात. त्यानंतर २० नोव्हेंबर १९६७ रोजी थुंब्याहूनच भारतात बांधलेलं रोहिणी आरएच-७५ उडालं. नावातला ७५ हा आकडा त्याच्या व्यासाचा, मिलिमीटरांत. हौशी लोकांच्या तीन इंची नळीचा आतला व्यास जवळपास तेवढाच. म्हणजे इथे भागाकारच करावा लागत नाही, प्रमाण जवळपास १:१. मूळ रॉकेटची मोटर हेच त्याचं शरीर होतं. प्रतिकृतीत ७५ च्या हलक्या नळीत ५४ मिलिमीटरची मोटर बसवावी लागेल, मूळ कवचाच्या जागी कागद आणि फायबरग्लास येईल, पॅराशूटसाठी मधे एक जोड जास्त निघेल, आणि वजन मूळ रॉकेटच्या कितीतरी खाली राहील. मापाने जवळपास खरं असूनही आतून तेवढं खोटं ते ठेवावंच लागेल. अमेरिकेत शिकणाऱ्या एखाद्या मराठी मुलाने दुसऱ्या पायरीच्या परवान्यासाठी सॅटर्न किंवा व्ही-२ सोडून हे निवडावं, असं मला फार वाटतं.